रसायनशास्त्राचा तास ‘उलटा’ केला तर नापासांची संख्या घटते का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा नवा पदवी आराखडा महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्याआधी, मे २०२१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाबाबत एक टिपण प्रसिद्ध केले होते. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवता येईल, अशी त्यात सूचना होती. त्या मिश्र अध्यापनाच्या प्रकारांपैकी एक म्हणजे ‘फ्लिप्ड क्लासरूम’, सोप्या मराठीत उलटा वर्ग. प्राध्यापकांच्या प्रशिक्षण वर्गांत हा शब्द आता नवा राहिलेला नाही.

कल्पना एका ओळीत सांगता येते : व्याख्यान घरी, गृहपाठ वर्गात. प्राध्यापक जे फळ्यावर सांगणार, ते विद्यार्थी आदल्या दिवशी छोट्या व्हिडिओत पाहून येतात आणि वर्गाचा तास गणिते सोडवण्यात, चर्चेत, चुका दुरुस्त करण्यात जातो. ऐकायला फारच सोपे. पण हा प्रयोग रसायनशास्त्रात जगभर होऊन दीड दशक उलटले आहे आणि त्यातून हाती आलेले निष्कर्ष सरळ एका दिशेला बोट दाखवत नाहीत. कुठे सर्वात कच्च्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक फायदा झाला, कुठे नेमके उलटे घडले. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गटांगळ्या खाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

सुरुवात कुठून झाली?

गंमत म्हणजे ही पद्धत लोकप्रिय केली ती रसायनशास्त्राच्याच दोन शिक्षकांनी, तेही शाळेतल्या. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातील वुडलँड पार्क या डोंगराळ भागातल्या गावात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स शिकवत होते. सामन्यांसाठी दूरच्या गावांना जाणाऱ्या मुलांचे तास बुडत. त्यांच्यासाठी या दोघांनी २००७ मध्ये धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. हळूहळू लक्षात आले की हजर असलेली मुलेही ते धडे पुन्हा पाहतात. मग सगळ्यांनीच आधी पाहून यावे आणि वर्गात शिक्षकाने मुलांमध्ये फिरावे, असे ठरले.

विद्यापीठांत हा विचार त्याआधीच वेगवेगळ्या नावांनी फिरत होता. ओहायोतल्या मायामी विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी २००० मध्ये ‘वर्ग उलटा करण्या’वर लेख लिहिला होता. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर १९९१ पासून विद्यार्थ्यांना धडा वाचून यायला सांगत आणि वर्गात प्रश्न विचारून शेजाऱ्याशी वाद घालायला लावत. ग्लासगो विद्यापीठात तर नव्वदच्या दशकातच रसायनशास्त्राच्या व्याख्यानाआधी तयारीचे छोटे सत्र घेऊन पाहिले गेले होते. व्हिडिओ तेव्हा नव्हता. तरीही कल्पना होती, हे पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

रसायनशास्त्रच का अवघड जाते?

ग्लासगोतले ॲलेक्स जॉनस्टन यांनी याचे एक उत्तर दिले, ते आजही रसायनशास्त्राच्या अध्यापनावर बोलताना पहिले आठवते. रसायनशास्त्राचा शिक्षक एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलत असतो. डोळ्यांना दिसणारी पातळी : मीठ पाण्यात विरघळले. न दिसणारी पातळी : सोडियम आणि क्लोराइडचे आयन सुटे होऊन पाण्याच्या रेणूंनी वेढले गेले. आणि चिन्हांची पातळी : फळ्यावरचे समीकरण. शिक्षक या तिन्हींत सहज ये-जा करतो, कारण त्याला वर्षानुवर्षांची सवय आहे. नवख्याच्या मनात मात्र एका वेळी मोजक्याच गोष्टी मावतात. तो समीकरणातले आकडे जुळवत असतो, तोवर शिक्षक आयनांवर पोहोचलेला असतो. मग विद्यार्थी समजून घेणे सोडतो आणि उतरवून घेऊ लागतो.

न दिसणाऱ्या पातळीवरचा गोंधळ किती खोल असतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. उकळत्या पाण्यात जे बुडबुडे येतात, त्यांत काय असते? उत्तर साधे आहे : पाण्याची वाफ. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जॉर्ज बॉडनर यांनी हा प्रश्न शाळेतल्या मुलांना नव्हे, तर रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झालेल्यांना विचारला. त्यांच्यातल्याही काहींनी हवा किंवा ऑक्सिजन असे सांगितले, काहींनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पदवी मिळाली होती, परीक्षा पास झाल्या होत्या, आणि समज मात्र तशीच राहिली होती.

अकरावीपासून बी.एस्सी.पर्यंत पाठ सोडत नाही असे एक गणित घेऊ. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांची पूर्ण अभिक्रिया झाली, तर पाणी किती तयार होईल? फळ्यावर हे चार ओळींत सुटते. हायड्रोजन ५ मोल, ऑक्सिजन २ मोल. ऑक्सिजनच्या एका मोलला हायड्रोजनचे दोन मोल लागतात, म्हणून ४ मोल हायड्रोजन वापरला जातो, ७२ ग्रॅम पाणी तयार होते आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. ऑक्सिजन आधी संपला, म्हणून तो ‘लिमिटिंग रिएजंट’. सगळे मान डोलावतात, वहीत उतरवतात, तास संपतो.

आता हेच गणित शिक्षकाने न सोडवता वर्गापुढे ठेवले तर? काही जण म्हणतील, हायड्रोजन आधी संपेल, कारण १० हा ६४ पेक्षा लहान आहे. म्हणजे त्यांना ग्रॅम आणि मोल यांतला फरक कळलेला नाही. काही जण ७४ ग्रॅम पाणी म्हणतील. त्यांनी द्रव्य अक्षय्यतेचा नियम अगदी निष्ठेने पाळून दोन्ही आकड्यांची बेरीज केली आहे, पण उरणाऱ्या हायड्रोजनचा विचारच केलेला नाही. या दोन चुका वेगळ्या, त्यांवरचे उपायही वेगळे. व्याख्यानात या चुका बाहेरच येत नाहीत. त्या थेट उत्तरपत्रिकेत उमटतात, आणि तेव्हा शिक्षक समोर नसतो. उलट्या वर्गाचा खरा युक्तिवाद हा आहे : जे एकट्याने ऐकता येते, त्यासाठी शिक्षकाचा तास खर्च करू नये. चूक होते त्या क्षणी शिक्षक जवळ असावा.

आकडे काय सांगतात?

मार्क्वेट विद्यापीठ हे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात आहे. तिथले मायकल रायन आणि स्कॉट रीड यांनी सामान्य रसायनशास्त्राच्या दुसऱ्या सत्रात दोन तुकड्या समांतर चालवल्या आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. एक तुकडी नेहमीसारखी, तिच्यात २०६ विद्यार्थी. दुसरी उलट्या वर्गाची, तिच्यात ११७. शिकवणारा एकच, पाच परीक्षा सारख्याच, त्यांतली शेवटची अमेरिकन केमिकल सोसायटीची प्रमाणित परीक्षा. पूर्वपरीक्षेच्या गुणांवरून दोन्ही तुकड्या जवळपास सारख्याच होत्या.

निकाल वरवर निराशाजनक वाटेल. हुशार आणि मध्यम विद्यार्थ्यांच्या गुणांत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो तळच्या एक तृतीयांश विद्यार्थ्यांत, आणि तो पाचही परीक्षांमध्ये दिसला. ‘डी’ किंवा ‘एफ’ श्रेणी मिळवणारे आणि विषय मध्येच सोडणारे यांचे प्रमाण उलट्या वर्गात ५६ टक्क्यांनी कमी झाले. एक गोष्ट नोंदवायला हवी : कोणत्या तुकडीत बसायचे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः निवडले होते. चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली असती, तर पुरावा आणखी भक्कम झाला असता. तरीही पहिल्या वर्षातल्या गळतीची चिंता असलेल्या कुठल्याही विभागप्रमुखाने थांबून पाहावा, असा हा आकडा आहे.

आयर्लंडमधल्या डब्लिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा अनुभव याच दिशेचा आहे. तिथे पहिल्या वर्षाच्या वर्गात दोन प्रकारचे विद्यार्थी येत : शाळेत रसायनशास्त्र शिकलेले आणि न शिकलेले. दरवर्षी दुसरा गट परीक्षेत मागे पडे. मायकल सीरी आणि सहकाऱ्यांनी पूर्ण व्याख्यान घरी पाठवले नाही. प्रत्येक व्याख्यानाआधी नव्या संज्ञांची तोंडओळख करून देणारा छोटासा ऑनलाइन धडा आणि त्यावर काही प्रश्न, एवढेच दिले. दोन गटांच्या गुणांतली ती जुनी दरी मिटली. हा प्रयोग पूर्ण उलटा वर्ग नव्हे, निम्मा-अर्धाच. पण कमी खर्चात आपल्याकडे उचलता येण्यासारखा कोणता, असे विचारले तर हाच.

आता दुसरी बाजू. वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीत उलट्या वर्गाची चाचणी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणत्या तुकडीला कसे शिकवायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून, झाली. विषय रसायनशास्त्र नव्हते, गणित आणि अर्थशास्त्र होते. गणितात थोडा फायदा दिसला, पण तो टिकला नाही. अर्थशास्त्रात काहीच फरक पडला नाही. आणि जो फायदा झाला तो मुख्यतः श्वेतवर्णीय, पुरुष आणि आधीपासून पुढे असलेल्या विद्यार्थ्यांच्या पदरात पडला. गुणांमधली दरी रुंदावली आणि ती पुढेही तशीच राहिली. इथे आठवावे की वेस्ट पॉइंटमध्ये सगळे एकाच आवारात राहतात, शिस्त कडक असते, आणि संगणक व इंटरनेटची वानवा नसते. तिथे ही गत, तर एकाच मोबाइलवर सगळ्या घराचे भागवणाऱ्या विद्यार्थ्याचे काय, हा प्रश्न आपोआप येतो.

कमाल व्हिडिओची की वर्गाची?

याचा शोध घेणारा एक नेटका प्रयोग जीवशास्त्रात झाला. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या जेमी जेन्सन आणि सहकाऱ्यांनी दोन वर्ग घेतले. एकात विद्यार्थी घरी शिकून येत आणि वर्गात त्याचा वापर करत. दुसऱ्यात वर्गातच कृतीतून शिकत आणि घरी जाऊन वापर करत. दोन्हीकडे निव्वळ व्याख्यान नव्हते, विद्यार्थ्याला सतत काहीतरी करायला लावले जाई. दोघांच्या शिकण्यात फरक आढळला नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ स्पष्ट आहे : उलट्या वर्गाचे म्हणून जे श्रेय सांगितले जाते, ते बहुधा वर्गातल्या सक्रिय शिक्षणाचे आहे.

सक्रिय शिक्षणाच्या बाजूने मात्र पुरावा भरभक्कम आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास एकत्र तपासले. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, सक्रिय वर्गांत २१.८ टक्के.

म्हणजे व्हिडिओ हा या पद्धतीतला स्वस्त भाग आहे. महाग भाग आहे तो वर्गातला तास : नेमके प्रश्न तयार ठेवणे, गटांत फिरणे, चूक ओळखणे, पुढच्या तासाला तीच चूक पुन्हा तपासणे. कोविडच्या काळात अनेक महाविद्यालयांकडे रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांचा साठा जमला. ५० मिनिटांचे ते रेकॉर्डिंग लिंकद्वारे ग्रुपवर टाकणे आणि त्याला उलटा वर्ग म्हणणे यात फारसा अर्थ नाही. एडएक्सवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या विश्लेषणात असे दिसले होते की व्हिडिओ कितीही लांब असला तरी विद्यार्थी साधारण सहा मिनिटांपर्यंतच त्यात गुंतून राहतो.

विद्यार्थी नाराज का होतात?

‘सर शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात.’ उलटा वर्ग सुरू करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला ही तक्रार येते. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिचे मूळ सापडते. सक्रिय वर्गातले विद्यार्थी चाचणीत अधिक शिकलेले दिसले, पण त्यांना स्वतःला आपण कमी शिकलो असे वाटत होते. छान व्याख्यान ऐकताना सगळे कळल्यासारखे वाटते. स्वतः गणित करताना अडखळायला होते आणि तेच न शिकल्याचे लक्षण वाटते. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर प्राध्यापकाचे मूल्यमापन होत असेल, तर प्रामाणिकपणे वर्ग उलटा करणाऱ्याचेच गुण कमी होण्याची शक्यता. संशोधकांचा सल्ला साधा होता : सत्राच्या सुरुवातीलाच विद्यार्थ्यांना हे मोकळेपणाने सांगा.

महाराष्ट्रात काय अडेल, काय जमेल?

वर्ग मोठा असणे ही सांगितली जाणारी पहिली अडचण, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठात ॲलिसन फ्लिन यांनी सेंद्रिय रसायनशास्त्राचे मोठे वर्गही उलटे चालवले, तेही इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांतून. शंभर-सव्वाशेच्या वर्गात प्रश्नाला अ-ब-क-ड असे चार रंगांचे कागद वर करायला लावले तरी कोण कुठे चुकतो ते दिसते. त्यासाठी मोबाइलचीही गरज नाही.

भाषेची अडचण जास्त खरी आहे, आणि तिच्यावर कमी बोलले जाते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी अकरावीला विज्ञान घेतो आणि ‘आम्लारी’चे ‘बेस’, ‘क्षपण’चे ‘रिडक्शन’, ‘संयुजा’चे ‘व्हॅलन्सी’ होते. वर्गात इंग्रजी व्याख्यान एकदाच कानावरून जाते. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि तो मराठीत समजावून इंग्रजी संज्ञा देणारा असेल तर दोन्ही नावे एकत्र बसतात. डब्लिनच्या प्रयोगातली दरी संज्ञांच्या ओळखीनेच कमी झाली होती. आठ मिनिटांचा असा मराठी धडा पहिल्या वर्षाच्या प्रत्येक प्रकरणाला करून ठेवणे एखाद्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला अशक्य नाही. एनपीटेल आणि स्वयंवर रसायनशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत, पण पहिल्या वर्षात धडपडणाऱ्या विद्यार्थ्याला बी.एस्सी.च्या नेमक्या धड्याआधी हवी असणारी ही गोष्ट नाही.

प्रात्यक्षिकांत तर उलटा वर्ग सर्वात सोपा पडावा. टायट्रेशनला ब्युरेट कसे भरायचे, वाचन कसे घ्यायचे, शेवटचा थेंब कसा ओळखायचा, हे आदल्या दिवशी पाहून आले की तीन तासांतला पहिला अर्धा तास सूचनांत जात नाही. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्पात असे साहित्य फुकट उपलब्ध आहे. त्यासाठी जर्नल मात्र आधीच्या वर्षाच्या जर्नलवरून उतरवून काढण्याची प्रथा सोडावी लागेल, आणि ही अडचण तंत्रज्ञानाची नाही.

पाहून न येणाऱ्यांचे काय? वर्गाआधी चार-पाच प्रश्नांची छोटी चाचणी आणि तिला अंतर्गत गुणांत थोडे वजन, हा रुळलेला उपाय. मार्क्वेटमध्ये ऑनलाइन गृहपाठ आणि परीक्षेतले गुण यांचा संबंध उलट्या वर्गात अधिक घट्ट होता, विशेषतः तळच्या गटात. आता मात्र एआयकडून दोन मिनिटांत उत्तरे मिळतात, त्यामुळे घरच्या चाचणीवर विसंबून राहणे अवघड झाले आहे. तीच चाचणी वर्गात पहिल्या पाच मिनिटांत कागदावर घेता येते. ज्याच्याकडे नेट नव्हते, त्याला व्हिडिओऐवजी दोन पानी टिपण दिले तरी चालते. मेझर यांचे विद्यार्थी वाचूनच येत होते.

४० टक्क्यांचा हिशेब

खरा प्रश्न वेळापत्रकात आहे. आठवड्याला तीन तास असलेल्या विषयात विद्यार्थी घरी एक तासाचे व्हिडिओ पाहणार असतील, तर वर्गातले तीन तास तसेच राहणार की दोन होणार? उलट्या वर्गाचे चांगले निकाल वर्गातला वेळ अभ्यासाने भरून मिळाले आहेत, वर्गच काढून टाकून नव्हे. ‘४० टक्के ऑनलाइन’ ही मुभा कागदावर उलट्या वर्गाला पूरक दिसते. पण प्राध्यापकांची पदे रिक्त असताना तीच मुभा तास कमी करण्याचे निमित्त ठरू शकते. तसे झाले तर विद्यार्थ्याला मिळेल ते फक्त व्हिडिओ पाहण्याचे काम, आणि तळच्या विद्यार्थ्याला ज्या गोष्टीने आधार दिला तीच गायब असेल.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. आठ मिनिटांचा एक नीट व्हिडिओ करायला, त्यावरचे प्रश्न काढायला आणि वर्गासाठी गणितांचा संच तयार करायला सहज एक दिवस जातो. त्या दिवसाची नोंद कुठल्याच हजेरीपत्रकात होत नाही. आणि व्हिडिओ एकदा तयार झाला की पुढच्या वर्षी त्या प्राध्यापकाची नेमणूक न करताही तो चालवता येतो. उलटा वर्ग सुरू करण्याचा आदेश काढणाऱ्या महाविद्यालयाला तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाने पहिला प्रश्न विचारला, तर तो याविषयीच असेल.